बांधून हाकायची नोकरी

मेल गेला, आणि मग मी तो कुणाकुणाला गेला ते वाचलं. हा क्रम उलटा असायला हवा, हे एकोणतीस वर्षांच्या नोकरीत मला एव्हाना कळायला हवं होतं.

मेल पाठवायचा होता माझ्या बॉसला, एकटीला. तो गेला बॉसला, बॉसच्या बॉसला, क्वालिटीवाल्यांना, आणि ज्यांच्याबद्दल लिहिला होता त्या सप्लायरलाही. ‘रिप्लाय’ आणि ‘रिप्लाय ऑल’ ही दोन बटणं इतकी खेटून का ठेवतात, देव जाणे. गिझरचं आणि दाराच्या बेलचं बटण कुणी असं शेजारी ठेवत नाही.

मेल इंग्रजीत होता. मराठीत त्याचा ऐवज साधारण असा: मॅडम, या बाई फार शहाण्या दिसतात. ही माणसं रोज छळल्याशिवाय हलत नाहीत, आणि छळण्यासाठीच कंपनी मला ठेवते. तेव्हा मी आता दुप्पट छळणार.

‘छळणे’साठी मी जो इंग्रजी शब्द वापरला तो माझा नव्हता. तो सप्लायरच्याच मेलमधून उचलला होता. त्यांनी लिहिलं होतं, ‘काइंडली आस्क युवर मिस्टर चौगुले नॉट टू पेस्टर अस.’ आपल्या चौगुल्यांना सांगा, आम्हाला पेस्टर करू नका. मिस्टर चौगुले म्हणजे मी.

आधी माझी नोकरी काय ते सांगतो. घरच्यांनाही ती नीट कळलेली नाही. होसकोट्याला आमची फॅक्टरी आहे. दूध, ताक, सरबत पिशव्यांत भरणारी मशीन आम्ही बनवतो. एका मशीनला आठ-नऊशे पार्ट लागतात, त्यातले निम्म्याहून जास्त आम्ही बाहेरच्या छोट्या वर्कशॉपकडून करून घेतो. ऑर्डर देणारा माणूस वेगळा. पैसे देणारा वेगळा. मी मधला. दिलेला माल वेळेवर येतो की नाही, याच्या मागे लागणारा. कार्डावर लिहिलंय ‘एक्स्पेडायटर’. फॅक्टरीत सगळे म्हणतात ‘फॉलो-अप’. म्हणजे कुणी विचारलं की ‘अहो, फॉलो-अप कुठे आहेत?’ तर तो मी.

कामाची रीत सोपी आहे. सकाळी नऊला पहिला फोन: ‘काय, कुठपर्यंत आलं?’ बाराला दुसरा. तीनला तिसरा. साडेपाचला, समोरचा माणूस घरी निघायच्या बेतात असताना, चौथा. मधल्या वेळात व्हॉट्सअ‍ॅप. संध्याकाळी मेल, त्याचा विषय ‘जेंटल रिमाइंडर’. त्यात जेंटल काही नसतं. या कलेत माझं नाव होतं. एका सप्लायरने माझा नंबर मोबाइलमध्ये ‘डोन्ट पिक’ या नावाने सेव्ह केला होता. मी तो बहुमान समजत असे.

मेल गेल्यावर अकरा मिनिटांनी सायली मॅडमनी मला बोलावलं. त्या पुण्याच्या. वय चौतीस. परचेस हेड होऊन त्यांना वर्ष झालं होतं. एरवी मला ‘चौगुले सर’ म्हणतात. राग आला की ‘काका’ म्हणतात.

“बसा काका,” त्या म्हणाल्या.

मी बसलो.

“काय केलंत हे?”

“मॅडम, चुकून ऑल झालं.”

“ऑल झालं हे चुकून. लिहिलं ते?”

मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तिथे येत्या सोमवारवर लाल गोल होता. त्या दिवशी गिऱ्हाइकाची माणसं मशीन चालू करून बघायला येणार होती. मशीन उभं होतं, फक्त त्यात आठ शाफ्ट नव्हते. शाफ्ट म्हणजे फिरणारा दांडा, साधारण हातभर लांब, आरशासारखा गुळगुळीत. हे आठ दांडे पीण्याच्या एका वर्कशॉपमध्ये तीन आठवडे अडकले होते. त्याच वर्कशॉपला मी नुकतंच लेखी कळवलं होतं की मी तुम्हाला दुप्पट छळणार आहे.

“व्हीपी काय म्हणाले सांगू?” मॅडमनी विचारलं. व्हीपी म्हणजे त्यांचे बॉस. “म्हणाले, रिमाइंडरच पाठवायचे असतील तर सॉफ्टवेअर आहे. ते न थकता पाठवतं आणि रिप्लाय ऑल करत नाही. शनिवारी शाफ्ट आले नाहीत तर सोमवारपासून तुम्ही स्क्रॅप यार्ड.”

स्क्रॅप यार्ड म्हणजे फॅक्टरीच्या मागची भंगाराची जागा. पत्र्याची शेड, एक वजनकाटा, दोन कुत्री. रिटायरमेंटला पाच वर्षं राहिलेल्या माणसाला तिथे पाठवतात तेव्हा निरोप समारंभ करत नाहीत, पण सगळ्यांना समजतं.

“उद्या स्वतः जा,” मॅडम म्हणाल्या. “सॉरी म्हणा. आणि डेट घेऊन या. फोन करून नाही, समोर बसून.”

घरी गेल्यावर मी शब्दकोश बघितला नाही. मला अर्थ माहीतच होता असं मला वाटत होतं. पेस्ट म्हणजे कीड. पेस्ट कंट्रोलवाले येतात ते याच पेस्टसाठी. म्हणजे पेस्टर करणारा तो झुरळ. मला झुरळ म्हटलं होतं, लेखी, चार लोकांना कॉपी करून. सॉरी म्हणायला मीच का जायचं, हे मला रात्रीच्या जेवणापर्यंत कळत नव्हतं. बायको म्हणाली, “जा. चिडून जाऊ नका, आणि डबा विसरू नका.” मी चिडून गेलो आणि डबाही विसरलो.

होसकोट्याहून पीण्या म्हणजे बंगळूरचं एक टोक ते दुसरं टोक. कंपनीची कॅब साडेआठला निघाली. हेब्बाळच्या पुलावर मी मनात सॉरीची वाक्यं जुळवली, आणि यशवंतपूर येईपर्यंत ती सगळी विरली.

वर्कशॉप एका गल्लीत होतं. खाली शेड, वर लाकडी जिन्याने चढायचं ऑफिस. मालक बसवराजप्पा, चौसष्टीचे. त्यांच्याशी मी तीन वर्षं रोज बोलत होतो आणि त्यांना बघत होतो तो पहिल्यांदाच. फोनवरच्या आवाजावरून मी त्यांना जाडजूड ठरवलं होतं. प्रत्यक्षात किडकिडीत माणूस, कपाळावर विभूती, खिशात माप घ्यायचा मायक्रोमीटर, हात कोपरापर्यंत कूलंटने ओले. कूलंट म्हणजे मशीनवर सतत सोडतात ते दुधी पाणी. मला बघितल्याबरोबर त्यांनी ग्राइंडिंग मशीन बंद केलं.

“बन्नी बन्नी, चौगुले सार! या, वर या. काफी?”

आमचं सगळं बोलणं कन्नडात झालं. मी निपाणीचा, माझं कन्नड बेळगावी वळणाचं, बंगळूरचे लोक ते ऐकून हसतात. बसवराजप्पा हसले नाहीत. मी म्हटलं, “अण्णा, मेलबद्दल वाईट वाटून घेऊ नका.” ते म्हणाले, “कुठला मेल? मी मेल वाचत नाही सार. मेल विद्या बघते.”

विद्या त्यांची मुलगी. वर ऑफिसमध्ये बसली होती. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, समोर कॉम्प्युटर आणि एक जाडजूड वही. आधी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, आईच्या आजारपणात नोकरी सोडली आणि वडिलांचं ऑफिस घेतलं. माझा मेल तिने प्रिंट काढून टाचणीने भिंतीला लावला होता. तो वाचता येईल अशा उंचीवर होता.

“सॉरी,” मी म्हटलं. “पण मॅडम, झुरळ म्हणायला नको होतं.”

“झुरळ कोण म्हणालं?”

“पेस्टर. पेस्टवरून.”

ती इतकी खूश झाली की माझा राग निम्मा उतरला. बरीच वर्षं कुणी तिला असा प्रश्न विचारला नसावा.

“नाही सर! सगळ्यांना तसंच वाटतं. पेस्टचं आणि त्याचं मूळ वेगळं. हा शब्द आला जुन्या फ्रेंचमधून. घोडा चरायला सोडला की तो लांब पळू नये म्हणून त्याचे पाय दोरीने बांधायचे. त्या बांधण्याचं ते क्रियापद.”

“बांधण्याचं?”

“हो. मग अर्थ झाला अडकवणं, पायात गुंता करणं. इंग्रजीत एके काळी एखादी जागा माणसांनी, सामानानी खच्चून भरली की तिलाही हाच शब्द लावत. आणि पेस्टच्या शेजारी राहून राहून त्याला शेजाऱ्याची सवय लागली. मग त्रास देणं असा अर्थ झाला.”

तिने सांगितलं आणि मला निपाणीचा बाजार दिसला. गाढवांच्या पुढच्या दोन पायांना आखूड दोरी बांधलेली असायची. गाढव चरायचं, उड्या मारत चार पावलं जायचं, पण पळू शकायचं नाही. आपण त्याला पायबंद म्हणतो. आपल्या बोलण्यात ती दोरी अजून आहे, गाढव तेवढं गेलं.

“मॅडम,” मी म्हटलं, “शब्द चांगला आहे, पण चुकीच्या माणसाला लागला. मी कुठे बांधतो? मी तर हाकतो. दिवसातून चार वेळा हाकतो.”

“सर,” ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही बांधून हाकता.”

आणि तिने ती जाडजूड वही माझ्याकडे फिरवली.

वहीत रोज मशीनवर काय चाललं ते लिहिलेलं होतं, निळ्या शाईत. मधे मधे लाल शाई. लाल शाईत माझं नाव.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्यांच्याकडे ग्राइंडिंग मशीन एकच, आणि ते चालवू शकणारा माणूस एकच, स्वतः बसवराजप्पा. ग्राइंडिंग म्हणजे दगडाच्या चाकावर पार्ट घासून अगदी नेमक्या मापाला आणणं. माप मायक्रॉनमध्ये. डोक्याचा एक केस साठ-सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि आमच्या शाफ्टला चूक चालते ती पाचाची. लांब शाफ्ट काढून छोटे पिन लावायचे तर सगळं सेटिंग बदलावं लागतं. टेकू काढा, दुसरे बसवा, चाक घासून सरळ करा, डायल लावून तपासा. दोन तास. परत शाफ्ट लावायचा तर परत दोन तास.

आता वही. सोमवार, सकाळ: शाफ्टचं सेटिंग केलं, पहिला शाफ्ट अर्धा झाला. बारा वाजता लाल शाई: चौगुले सरांचा फोन, पिन फार अर्जंट, आधी पिन. सेटिंग बदललं. मंगळवार नऊ वाजता लाल शाई: चौगुले सरांचा फोन, शाफ्ट फार अर्जंट, पिन थांबवा. सेटिंग बदललं. मंगळवार तीन: चौगुले सर, रोलर सगळ्यात अर्जंट. बुधवार: चौगुले सर, शाफ्टचं काय झालं? शाफ्ट का नाही झाले?

मी पानं उलटत गेलो. तीन आठवडे. जिथे जिथे लाल शाई, तिथे तिथे मशीन उभं. जिथे मी नव्हतो, तिथे माल. चार दिवस सलग निळे होते आणि त्या चार दिवसांत रोलरची अख्खी ऑर्डर संपली होती. ते चार दिवस कुठले म्हणून मी तारखा बघितल्या. मला डेंग्यू झाला होता.

“हे मला कधी सांगितलं नाही तुम्ही,” मी म्हटलं.

बसवराजप्पा जिन्यात उभे होते, हात पुसत. ते म्हणाले, “सार, कसं सांगणार? तुम्ही कंपनीचे. तुम्ही म्हणालात अर्जंट, आम्ही केलं. फोन मशीनजवळ वाजतो. नाही घेतला तर तुम्ही परत करता. घेतला तर मशीन थांबवावं लागतं. मशीन थांबवलं की काम गार होतं, माप सरकतं.” मग जरा थांबून, “तुमचा आवाज मात्र चांगला आहे सार. रेडिओसारखा.”

एखाद्याने चिडून सांगितलं असतं तर मला भांडता आलं असतं.

विद्याने एक कोरा कागद पुढे केला. “सर, तुम्ही आज एकदाच सांगा. आधी काय, मग काय. तेवढंच लिहा. त्यानंतर शनिवारपर्यंत फोन नाही, मेसेज नाही, गुड मॉर्निंगचं फूलसुद्धा नाही. आठही शाफ्ट शनिवारी दुपारी तुमच्या गेटवर.”

“नक्की?”

“सर, हा पण एक फॉलो-अपच झाला.”

मी लिहिलं: फक्त शाफ्ट. सही केली. खाली बसवराजप्पांनी कागद मशीनसमोरच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी लावला.

कॅबमध्ये मला दोन दिवसांनी पहिल्यांदा हलकं वाटलं. ते हेब्बाळपर्यंत टिकलं. तिथे फोन वाजला. सायली मॅडम.

“डेट मिळाली?”

“शनिवार दुपार, आठही.”

“गुड. रोज दोनदा फॉलो-अप ठेवा.”

“मॅडम, फोन करायचा नाही असं ठरलंय.”

“काय?”

मी घोडा सांगितला. दोरी सांगितली. लाल शाई सांगितली. माझा डेंग्यूही सांगितला. 

“काका,” त्या म्हणाल्या, “हे मी व्हीपींना नाही सांगणार. तुम्ही म्हणताय म्हणून मी मानतेय. पण शनिवारी शाफ्ट आले नाहीत तर मला यात ओढू नका.”

बुधवारी सकाळी नऊ वाजता माझा हात आपोआप फोनकडे गेला. मी तो मागे घेतला आणि चहा प्यायलो. बाराला परत गेला. परत चहा. साडेपाचपर्यंत मी सात चहा प्यायलो होतो. मॅडम दर दोन तासांनी येऊन विचारत होत्या, “काही कळलं?” मी म्हणे, “नाही.” त्या म्हणत, “बरं.” आणि जात. पाचव्यांदा आल्या तेव्हा मी एका व्हेंडरचं कोटेशन तपासत होतो. त्यांना उत्तर दिलं आणि मग मला आठवेना, मी कुठल्या आकड्यावर होतो. पान पहिल्यापासून धरलं. तेव्हा कुठे मला बसवराजप्पांचं म्हणणं डोक्याखाली, पोटात उतरलं.

गुरुवारी मात्र मी घसरलो. दाताचं कारण सांगून अर्धा दिवस रजा टाकली आणि पीण्याला गेलो. फोन करायचा नाही असं ठरलं होतं. जायचं नाही असं कागदावर नव्हतं. आणि मी आत जाणारच नव्हतो. वर्कशॉपसमोर एक दर्शिनी आहे. बंगळूरला उभ्याने इडली-काफी मिळते त्या हॉटेलला दर्शिनी म्हणतात. तिथल्या खांबाआड उभं राहायचं, मशीनचा आवाज ऐकायचा आणि परत यायचं, एवढाच बेत होता.

मशीन चालू होतं. एकसारखा, बारीक, चिकट आवाज. मला इतकं बरं वाटलं की मी अजून एक वडा घेतला.

आवाज थांबला.

मी खांबाच्या आत सरकलो. माझं पोट खांबापेक्षा रुंद आहे, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

“चौगुले सार!” बसवराजप्पा रस्ता ओलांडून येत होते, हात ओले, चेहरा उजळलेला. “इथे उभ्याने खाताय? आमच्या दारात येऊन? काय सार, आम्ही परके?”

“नाही अण्णा, सहज आलो होतो, दात...”

“दाताला वडा? या या. आज घरून मुद्दे आलीये.”

मी नको म्हणत होतो. मशीन चालू करा म्हणत होतो. ते ऐकायला तयार नव्हते. कंपनीचा माणूस दारातून उपाशी गेला तर त्यांच्या घरी ते चाललं नसतं. मुद्दे म्हणजे नाचणीचे मोठाले उंडे, वर सारू, म्हणजे पातळ आमटी. मी मुद्दे चावून खाल्ली. ती न चावता गिळायची असते. बसवराजप्पा मला शिकवत बसले, लहान घास, सारूत बुडवा, सोडून द्या. खाली मशीन गार होत होतं.

विद्या बँकेतून परत आली. जिना चढून तिने मला बघितलं, ताट बघितलं, घड्याळ बघितलं. मग टेबलाजवळ जाऊन वही उघडली आणि लाल पेन घेतलं.

“मी फोन केला नाही,” मी म्हटलं.

“नाही,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “फोन केला असता तर दहा मिनिटं गेली असती.”

जेवण, काफी, परत मशीन तापवणं, परत माप जुळवणं. अर्धा दिवस गेला. त्या मशीनवर अर्ध्या दिवसात एक शाफ्ट होतो.

शनिवारी दुपारी अडीचला टेम्पो आला. सात शाफ्ट. मालासोबतच्या चलनावर विद्याच्या अक्षरात एक ओळ: आठवा सोमवारी सकाळी, जेवणामुळे उशीर.

मॅडमनी चलन वाचलं. “जेवणामुळे म्हणजे?”

मी सांगितलं. खांब वगळून सगळं सांगितलं.

“सोमवारी किती वाजता?”

“सकाळी.”

“काका, सकाळ सहा ते बारा असते.”

सोमवारी नऊला सात शाफ्ट बसवून मशीन उभं होतं, आठव्या जागी भोक. आठवा बसवायला दीड तास. गिऱ्हाइकाची माणसं साडेअकराला येणार. साडेनऊ झाले. मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

“लावा फोन.”

मी फोन हातात घेतला. नंबर काढला. बसवराजप्पा स्वतः घेऊन निघणार असं विद्याने शनिवारी सांगितलं होतं. म्हणजे आता ते रस्त्यावर असणार, जुनी व्हॅन, गिअर बदलत, त्यांचं वय चौसष्ट. फोन वाजला तर ते घेणार. घेतलाच पाहिजे असं त्यांना वाटणार, कंपनीचा फोन. म्हणजे व्हॅन कडेला लावणार.

“नाही लावत,” मी म्हटलं.

“व्हॉट?”

“मॅडम, फोन लावून शाफ्ट पाच मिनिटं आधी येणार नाही. पाच मिनिटं उशिरा येईल. तुम्ही मला आजच स्क्रॅप यार्डला पाठवा, पण हा फोन मी नाही लावणार.”

मी असं कधी बोललो नव्हतो. बोलून झाल्यावर फोन खिशात टाकला. मॅडमनी स्वतःचा फोन काढला. नंबर त्यांच्याकडेही होता. अंगठा वर धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग फोन टेबलावर पालथा ठेवला, माझ्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

“चहा मागवा,” त्या म्हणाल्या. “दोन.”

बसवराजप्पा दहा वाजून पाच मिनिटांनी आले. शाफ्ट मऊ पंच्यात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर धरलेला. रविवारी येऊन त्यांनी तो पुरा केला होता. “स्वल्प उशीर झाला सार,” ते म्हणाले. “वाटेत तीन फोन आले. दुसऱ्या एका कंपनीचे. गाडी कडेला घ्यावी लागली.” मॅडम शाफ्टकडे बघत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही.

शाफ्ट बसायला दीड तासाऐवजी पावणेदोन लागले. गिऱ्हाइकाची माणसं मात्र के. आर. पुरमच्या सिग्नलला पाऊण तास अडकून सव्वाबाराला आली. बंगळूरच्या ट्रॅफिकने मला आयुष्यात एकदाच मदत केली. ती मी इथे नोंदवून ठेवतो. मशीन चाललं, पिशव्या भरल्या. त्यातली एकही फुटली नाही.

स्क्रॅप यार्डचा विषय परत निघाला नाही. मॅडमनी नवीन पद्धत काढली. प्रत्येक सप्लायरला आठवड्यातून एकच फोन, बुधवारी सकाळी आठला, मशीन सुरू व्हायच्या आधी. त्यात क्रम ठरवायचा, आणि आठवडाभर तो बदलायचा नाही. रिमाइंडरचं सॉफ्टवेअर व्हीपींनी घेतलंच. पण ते आता सप्लायरांना काही पाठवत नाही. मी आठवड्याच्या मध्येच क्रम बदलायला गेलो की ते मलाच विचारतं, नक्की का? मला त्याचा अतिशय त्रास होतो.

यातून धडा काय म्हणाल तर फार मोठा नाही. काम करणाऱ्याला काम कुठवर आलं असं विचारलं, की ते तिथेच थांबतं. उत्तर देणारा माणूस आणि काम करणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. एवढं कळायला मला एकोणतीस वर्षं आणि नाचणीचे दोन उंडे लागले.

त्या सोमवारी घरी आल्यावर मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरात आंबोळ्या करत होती. मी दाराच्या चौकटीला टेकून पहिल्यापासून सुरुवात केली. घोड्याचे पाय कसे बांधायचे ते हातवारे करून दाखवलं, फ्रेंच, पेस्टचा शेजार, लाल शाई, खांब, सगळं. ती गॅस बारीक करून, उलथणं हातात धरून ऐकत राहिली. मधे दोनदा ‘मग?’ म्हणाली. मला फार बरं वाटलं. शेवटी मी म्हटलं, “कळलं का? हाकणाराच बांधत असतो.”

“कळलं,” ती म्हणाली. “आता तुम्ही बाहेर बसा, म्हणजे दुसरी आंबोळी होईल.”